नवी कोरियन रोमकॉम सुरू झाली की येणारे प्रश्न: पहिले दोन भाग बघताना

नवी कोरियन रोमकॉम (हलकीफुलकी, विनोदी प्रेमकथेची मालिका) लागली की पहिल्याच रात्री "कशी आहे गं? बघू का?" सुरू होतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं शक्यतो पहिल्या एक-दोन भागांतलीच आहेत. पुढचं काही फुटणार असेल तिथे आधी सावध केलं आहे.

१. किती भाग बघून ठरवायचं?

दोन. कोरियन वाहिन्या आठवड्याला दोन भाग दाखवतात, तेही सलग दोन दिवशी, आणि पहिला आठवडा एकत्र धरूनच लिहिलेला असतो. पहिल्या भागात माणसांची ओळख आणि एक मोठा घोटाळा. गोष्ट कुठल्या दिशेने निघाली आहे ते दुसऱ्या भागाच्या शेवटी कळतं. एक भाग साधारण तास-सव्वा तासाचा, म्हणजे दोन भागांत एक अख्खा सिनेमा बघून होतो. त्याहून जास्त संधी कुणालाही द्यायची गरज नाही.

पहिल्या वीस मिनिटांवर मात्र मत बनवू नका. तिथे हमखास बालपणीचा अपघात असतो, परदेशातलं महागडं चित्रीकरण असतं, नाहीतर कंपनीच्या लॉबीतून स्लो मोशनमध्ये चालत येणारा नायक. ती मिनिटं प्रोमोत वापरण्यासाठीच काढलेली असतात.

२. नवे भाग कोणत्या वारी आणि आपल्याकडे किती वाजता येतात?

सोमवार-मंगळवार, शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-रविवार अशा जोड्या असतात. बुधवार-गुरुवारची जोडी आता कमी झाली आहे. कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. टीव्हीएन वाहिनीची शनिवार-रविवारची मालिका तिथे रात्री सव्वानऊच्या सुमारास लागते, तेव्हा आपल्याकडे पावणेसहा वाजलेले असतात. नेटफ्लिक्स किंवा विकी (Viki) या ॲपवर ती प्रक्षेपण संपल्यावर, सबटायटल लागल्यावर येते. थोडक्यात, संध्याकाळचा चहा आवरून निवांत बसलात तरी चालतं.

३. कुठे १२ भाग, कुठे १६, कुठे चक्क ३२. हा काय प्रकार आहे?

१६ हे अनेक वर्षांचं माप. अलीकडे १२ भागांच्या मालिका वाढल्यात आणि रोमकॉमला ते मानवतं, कारण १६ मध्ये अकरावा ते चौदावा भाग ओढूनताणून भरलेला असायचा.

३२ चा घोळ वेगळा. मोफत दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना (केबीएस, एमबीसी, एसबीएस) २०२१ च्या मध्यापर्यंत कार्यक्रमाच्या मधोमध जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती. त्यावर २०१७ च्या आसपास पळवाट निघाली: तासाभराच्या भागाचे दोन तुकडे करायचे, दोघांना वेगळे क्रमांक द्यायचे आणि मधल्या फटीत जाहिराती घालायच्या. म्हणून २०१९ ची 'एक्स्ट्राऑर्डिनरी यू' यादीत ३२ भागांची दिसते. प्रत्यक्षात ती नेहमीच्या १६ भागांएवढीच आहे. अशा मालिकांचं पहिलं मत चार तुकडे बघून बनवा.

४. पहिल्या दोन भागांत तुम्ही नेमकं काय बघता?

तीन गोष्टी. पहिली: नायक भेटण्याआधी नायिकेला काही हवं आहे का? दुसरी: विनोद माणसांच्या स्वभावातून येतोय की नुसती धडपड आणि पार्श्वसंगीतातली टुणटुण? तिसरी सगळ्यात महत्त्वाची: हे दोघं एकमेकांना आवडायला लागल्यावर त्यांना लांब ठेवणारं काय उरणार आहे? या तिसऱ्यावर प्रश्न ६ मध्ये सविस्तर.

'होमटाउन चा-चा-चा' (टीव्हीएन, २०२१) चा पहिला भाग यासाठी पुन्हा बघण्यासारखा आहे. युन हे-जिन सोलमधली दातांची डॉक्टर. तत्त्वासाठी वरिष्ठांशी भांडून नोकरी सोडते आणि गोंगजिन नावाच्या (काल्पनिक) समुद्रकाठच्या गावात येते. महागडे बूट वाळूत काढून ठेवते आणि ते लाट घेऊन जाते. गावातलं नेटवर्क गेलेलं, कार्ड चालत नाही, कॉफीचे पैसे द्यायला जवळ रोकड नाही. तेव्हा गावात पडेल ते काम करणारा होंग दू-शिक तिला माकुलं साफ करायला बसवतो. सरकारी किमान वेतनाच्या दराने. शहरातली डॉक्टरीणबाई रबरी हातमोजे घालून माकुलाच्या पोटातली घाण काढतेय आणि आजूबाजूच्या बायका तिच्या हाताच्या वेगावर शेरे मारताहेत. या एका प्रसंगात तिचा तोरा कळतो, त्याचा खवचटपणा कळतो, गाव कळतं, आणि पैशाकडे बघायची दोघांची नजर किती वेगळी आहे तेही कळतं. पुढचे पंधरा भाग त्याच फरकावर चालतात. कुणी कुणाच्या अंगावर पडलेलं नाही, तरी हसू येतं. पहिला भाग असा हवा.

नायिकेच्या स्वतःच्या हव्याचं चांगलं उदाहरण 'नो गेन नो लव्ह' (२०२४). या बाईला कुठेही नुकसान सोसायचं नाही. आजवर लोकांच्या लग्नात दिलेल्या आहेराच्या पाकिटांचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का असतो, आणि बढतीच्या आड अविवाहित असणं येतंय म्हटल्यावर ती दुकानात पार्टटाइम काम करणाऱ्या मुलाला खोटा नवरदेव म्हणून उभा करते. आपल्याकडे आहेराची वही सांभाळणाऱ्या मावशा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही बाई परकी वाटणार नाही.

५. पहिला भाग अजिबात आवडला नाही. दुसरा बघायलाच हवा का?

का आवडला नाही त्यावर आहे. नायक उद्धट आहे म्हणून असेल तर दुसरा बघा, ती सुरुवात असते. विनोदच रुचला नसेल तर सोडा. विनोदाची जात दुसऱ्या भागात बदलत नाही. काय चाललंय तेच कळत नसेल तर दुसरा बघाच.

शेवटच्या प्रकारात 'लव्हली रनर' (२०२४) येते. (पुढे दुसऱ्या भागाचं गुपित आहे.) पहिला भाग बराच गजबजलेला: व्हीलचेअरवरची चाहती, तिचा आवडता गायक, त्याचा मृत्यू, घड्याळ, २००८ सालात उडी, शाळेचा गणवेश. चाहती आपल्या देवाला वाचवायला मागे गेली, एवढीच गोष्ट वाटते. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी तोच काळ त्याच्या बाजूने दिसतो: पाऊस, पिवळी छत्री, आणि तिला काही माहीत असण्याच्या कितीतरी आधी तिच्यात गुंतलेला तो. एकतर्फी वाटणारी गोष्ट तिथे उलटते. पहिल्या भागावर थांबलेल्यांना त्यानंतरची सगळी चर्चा कळेनाशी झाली होती.

६. सुरुवात भन्नाट आणि नवव्या-दहाव्या भागात मालिका आपटते. हे आधीच ओळखता येतं का?

बरंचसं येतं. दुसरा भाग संपल्यावर स्वतःला विचारा: या दोघांनी उद्या सकाळी एकमेकांशी खरं बोलून टाकलं तर मालिका संपते का? उत्तर 'हो' असेल तर अडथळा म्हणजे फक्त गैरसमज. तो सहा-सात भाग पुरतो. मग लेखकाला काहीतरी बाहेरून आणावं लागतं: जुनं आजारपण, परदेशातली नोकरी, लहानपणीचा अपघात, नाहीतर "तुझ्या भल्यासाठी मी दूर जाते" हा त्याग. हा त्याग शेवटून दुसऱ्या आठवड्यात आला की पाठोपाठ "एक वर्षानंतर" ही पाटी येणार म्हणून समजा.

'बिझनेस प्रपोजल' (एसबीएस, २०२२) इथे अपवाद ठरते आणि का ठरते ते बघण्यासारखं आहे. मैत्रिणीऐवजी स्वतः बघण्याच्या कार्यक्रमाला जायचं, वेड्यासारखं वागून नकार मिळवायचा, आणि समोर बसलाय तो आपल्याच कंपनीचा मालक: सगळा गैरसमजच. पण मालिका ते गुपित शेवटपर्यंत कवटाळून बसत नाही, लवकर फोडते. १२ च भाग आहेत आणि मैत्रिणीची वेगळी प्रेमकथा हाताशी आहे. भांडवल थोडं आहे हे ओळखून ते चटाचटा खर्च केलं.

'किंग द लँड' (जेटीबीसी, २०२३) चं उलट. हॉटेलात सतत हसायला लावली जाणारी ती, खोट्या हसण्याचा तिटकारा असलेला वारसदार तो. अडथळा सुरेख आहे, नोकरदार माणसाच्या जिवाला भिडणारा. पण तो मधल्यामध्येच विरघळतो आणि पुढे उरतात सहली, थायलंडची वारी आणि गोड दृश्यं. ती गोडीच हवी असेल तर जरूर बघा, माझी हरकत नाही. गोष्ट हवी असेल तर निराश व्हाल, आणि ते दुसऱ्या भागातच थोडं दिसतं: हॉटेलचं काम फक्त देखावा म्हणून उभं आहे.

७. "रोमकॉम" म्हणून सुरू केली आणि रडून रडून डोळे सुजले. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, तिथली रीतच आहे. मालिकेच्या पहिल्या अर्ध्यात हसवायचं, दुसऱ्या अर्ध्यात जखम उघडायची. फरक इतकाच, की प्रामाणिक लेखक पहिल्या आठवड्यातच सूचना देतो. 'क्वीन ऑफ टिअर्स' (२०२४) मध्ये घटस्फोट मागायला आलेल्या नवऱ्याला बायको सांगते की तिच्याकडे तीनच महिने उरलेत, आणि हे पहिल्याच भागात होतं. पुढे रडायला लागलं तर तक्रार करता येत नाही.

(आता 'लव्ह नेक्स्ट डोअर', २०२४, चं गुपित.) ती शेजारच्या बालमित्रांची, दोन आयांच्या भांडणांची मालिका म्हणून सुरू होते. अमेरिकेतली नोकरी आणि लग्न दोन्ही सोडून परतलेली नायिका खरं तर पोटाच्या कॅन्सरमधून गेलेली आहे, हे बरंच नंतर उलगडतं. ज्यांना हलकंफुलकं हवं होतं ते चिडले. मला मात्र तो उशिराचा उलगडा खटकला नाही. घरच्यांपासून आजार लपवणारी मुलगी आणि त्यावर संतापणारी आई हे त्या मालिकेतलं सगळ्यात खरं काम होतं. खटकलं ते आजाराच्या आजूबाजूचं पाणी घालणं. निव्वळ विनोदच हवा असेल तर पहिल्या दोन भागांत नायिका "सगळं ठीक आहे" किती वेळा म्हणते ते मोजा.

८. ताई, "केमिस्ट्री नाही" असं पहिल्याच दिवशी सगळे म्हणतात. ते कसं ठरवायचं?

चुंबनावरून आणि एकटक बघण्यावरून तर नाहीच. भांडणाच्या दृश्यात बघा. एक बोलत असताना दुसरा खरंच ऐकतोय की आपल्या वाक्याची वाट बघत उभा आहे? 'बिझनेस प्रपोजल'मध्ये किम से-जंग चेहरा वाट्टेल तसा वाकडा करते आणि आन ह्यो-सप एकही स्नायू न हलवता ते सहन करतो. त्या विरोधातूनच मजा येते. पहिल्या भागात दोघं एकत्र असतातच मुळी कमी, म्हणून हा निकाल दुसऱ्या भागापर्यंत राखून ठेवा.

९. रेटिंग कमी आहे म्हणजे मालिका वाईट का?

नाही. नील्सन कोरियाचे आकडे कोरियातल्या घरांतले टीव्ही मोजतात. तिथल्या तरुणांनी मोबाइलवर काय पाहिलं आणि आपण नाशिकमध्ये बसून नेटफ्लिक्सवर काय पाहिलं, ते त्यात नाही. 'लव्हली रनर' सहा टक्क्यांच्या वर एकदाही गेली नाही, तरी त्या वर्षी तिच्याइतकी चर्चा फार थोड्या मालिकांची झाली.

आकड्याची चढण मात्र बोलते. 'क्वीन ऑफ टिअर्स' सहा टक्क्यांच्या आत सुरू झाली आणि शेवटच्या भागाला २४.९ च्या घरात पोहोचली. टीव्हीएनवरचा 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चा २०२० चा २१.७ चा विक्रम तिने मोडला. 'बिझनेस प्रपोजल' पाचच्या आतून अकराच्या पुढे गेली. म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा बघू नका. पहिल्यापेक्षा दुसरा आठवडा वर आहे का ते बघा. पहिल्या दिवशी लोक नटासाठी येतात, दुसऱ्या आठवड्यात गोष्टीसाठी.

१०. कलाकार बघून निवडायची की लेखक बघून?

लेखक. तिथे मालिका एकच लेखक (किंवा होंग भगिनींसारखी ठरलेली जोडी) लिहितो आणि त्याची खोड कायम राहते. पार्क जी-उन म्हणजे दिमाखदार, गर्विष्ठ, मनातून एकटी नायिका आणि तिच्या भोवती विनोदी कुटुंबकबिला. 'क्रॅश लँडिंग' आणि 'क्वीन ऑफ टिअर्स' दोन्ही तिच्याच. किम उन-सुक म्हणजे टाळ्यांची वाक्यं. होंग भगिनी म्हणजे भुतंखेतं, शाप आणि त्यात मुरलेला विनोद.

पण जुनं नाव ही हमी नसते. 'लव्ह नेक्स्ट डोअर' ही 'होमटाउन चा-चा-चा'च्याच लेखिका-दिग्दर्शक जोडीची, शिन हा-उन आणि यू जे-वन यांची. तीच उबदार वस्ती, तसेच शेजारी. मत मात्र दुभंगलं, ते का हे प्रश्न ७ मध्ये आहे.

११. मालिका ज्यावर बेतलेली असते ते वेबटून (ऑनलाइन चित्रकथा) आधी वाचावं का?

नको. पहिला अनुभव तुलना करण्यातच जातो. त्यातही रोमकॉमचं कथानक तुम्हाला आधीच माहीत असतं. उत्सुकता असते ती कसं घडतं याची. वाचायचंच असेल तर संपल्यावर वाचा.

१२. हिंदी डबमध्ये बघू की सबटायटलवर?

पहिले दोन भाग तरी मूळ आवाजात बघा. विनोदाचा निम्मा भाग आवाजाच्या चढउतारात असतो आणि डबिंगमध्ये सगळेच एका पट्टीत ओरडतात. शिवाय कोरियनमध्येही अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे. दोघांपैकी कोण कधी अरे-तुरेवर येतं हा मालिकेतला मोठा क्षण असतो आणि इंग्रजी सबटायटलमध्ये तो सपाट होतो. कान उघडे ठेवले तर वाक्याच्या शेवटचा 'यो' गळलेला दोन-तीन भागांत आपोआप ऐकू यायला लागतो. घरी आजी-आजोबांसोबत बघत असाल तर हिंदी डब खुशाल लावा. सबटायटलच्या मागे धावताना त्यांची मजा जाते.

१३. मधेच सगळे सँडविचच्या दुकानात का जातात? आणि ती चेहऱ्यावर फिरवायची क्रीमची गुलाबी कांडी?

जाहिरात. २०१० पासून कोरियात कार्यक्रमाच्या आत माल दाखवायला कायद्याने परवानगी आहे आणि निर्मितीचा बराच खर्च त्यातून निघतो. पहिल्या दोन भागांत ती कमी असते, मधल्या भागांत वाढते. त्यावरून मालिकेला नावं ठेवू नका. फक्त भावुक दृश्याच्या मध्ये नायिका कांडी काढून गालावर फिरवायला लागली, तर दिग्दर्शकाचा धाक संपला असं समजायला हरकत नाही.

१४. श्रीमंत वारसदार, मनगट पकडून ओढणं. अजून हेच चालतं का?

वारसदार आहेत, ओढणं बरंच कमी झालंय. तिथलेच प्रेक्षक आता ते खपवून घेत नाहीत. २००५ ची एमबीसीची 'माय लव्हली साम-सून' ही त्या काळातली तुफान गाजलेली मालिका २०२४ मध्ये तिच्याच दिग्दर्शकाने १६ भागांवरून ८ वर आणून नव्याने संकलित केली, आणि नायकाची अरेरावी आजच्या नजरेला कमी टोचेल असा प्रयत्न केला.

सत्तेची बाजूही उलटी होऊ लागली आहे. 'लव्ह स्काउट' (२०२५) मध्ये कंपनीची मालकीण ती आणि सेक्रेटरी तो, एकटा मुलगी वाढवणारा बाप. तरीही नवी मालिका बघताना एक परीक्षा घ्या: पहिल्या दोन भागांत ती "नाही" म्हणते तेव्हा तो थांबतो का? थांबत नसेल आणि पार्श्वसंगीत ते गोड म्हणून विकत असेल, तर २०१० सालची मालिका नव्या कॅमेऱ्याने शूट केली आहे.

१५. पहिल्या आठवड्यात लोकांनी झोडपलं तर पुढचे भाग सुधारतात का?

पूर्वी सुधारायचे, किंवा अजून बिघडायचे. तेव्हा प्रक्षेपण चालू असतानाच शूटिंग चालायचं, पटकथेची पानं सेटवर ऐनवेळी यायची आणि प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून दुसऱ्या नायकाचं (नायिकेवर प्रेम करणारा, पण तिला न मिळणारा तो) काम वाढायचं किंवा घटायचं. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांच्या कामाची मर्यादा टप्प्याटप्प्याने आली आणि नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या मंचांनाही मालिका आधीच तयार हवी असते. आता पहिला भाग लागेपर्यंत बहुतेक चित्रीकरण उरकलेलं असतं. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात जे दिसेल ते आधीच ठरलेलं आहे. तुमच्या कमेंटमुळे दुसरा नायक जिंकणार नाही.

१६. मग दुसराच नायक आवडला तर काय करायचं?

सोसायचं. पहिल्या दोन भागांत जो छत्री घेऊन वेळेवर पोहोचतो, जेवलीस का विचारतो आणि कधीच ओरडत नाही, तो हरणार. अपवाद शोधत बसू नका.

१७. सगळे भाग एकदम आले तर दोन भागांचा नियम लागू होतो का?

पूर्ण नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या काही मालिका, उदाहरणार्थ किम उन-सुकची १३ भागांची 'जीनी, मेक अ विश' (२०२५), एका दिवशी अख्ख्या येतात. आठवडाभर थांबायचं नसल्याने तिथे दुसऱ्या भागाच्या शेवटी धक्का द्यायची सक्ती लेखकावर नसते. पाया सावकाश घातला जातो. अशा वेळी तीन भाग द्या. आणि सगळे भाग हाताशी आहेत म्हणून शेवटचा भाग आधी बघू नका. असं करणारे लोक आहेत, मला माहीत आहे.

१८. चालू असताना बघू की संपल्यावर?

रहस्य किंवा काळात मागे-पुढे उड्या असतील तर चालू असताना बघा, आठवडाभर तर्क लढवण्यात अर्धी मजा असते. साधी ऑफिसातली प्रेमकथा असेल तर संपू द्या. आणि प्रश्न ६ च्या कसोटीवर शंका आली असेल तर दोन भाग बघून थांबा, दहावा भाग लागेपर्यंत वाट बघा आणि मग कुणाला तरी एवढंच विचारा: "अजून दोघं एकमेकांशी बोलताहेत ना?"